पांढऱ्या शीचं फडकं

"उचल ती घाण." डॉक्टरनं नाकाला रुमाल लावला. "दवाखाना आहे हा, उकिरडा नाही."

घाण म्हणजे माझ्या दोन महिन्यांच्या लेकीचं फडकं. पिंपळनेरच्या पुढून एसटीनं मी धुळ्याला आले होते. लेक काखेत, फडकं पिशवीत. तिचे डोळे पिवळे, पोट फुगलेलं आणि शी पांढरी, खडूसारखी. याआधी दोनदा येऊन लेकीचं सांगितलं होतं, "डाक्टरसाहेब, आंडेरनी शी पांढरी व्हस." दोन्ही वेळा लेकीला हातही न लावता त्यानं थेंब लिहून दिले. कोवळं ऊन दाखव म्हणाला. म्हणून या खेपेला फडकंच आणलं.

बाकावरच्या बायका पदराआड हसल्या. डॉक्टरची नजर लेकीच्या गळ्यातल्या माळेवर गेली.

"माळ घातलीय ना? मग तिलाच विचार."

काविळीची माळ सासूनं घातली होती, मुळ्यांच्या तुकड्यांची. ती लांबत खाली आली की कावीळ उतरली म्हणायचं. "माळ बोंबीलोंग उनी, कावीळ उतरनी," माळ बेंबीला टेकली तेव्हा सासू म्हणाली. दोऱ्याच्या गाठी सैल होतात म्हणून माळ लांबते, हे आज कळतं. तेव्हा मीही पंधरा दिवस लेकीचे डोळे सोडून माळेकडेच बघत बसले.

मी फडकं उचललं. चुकलं म्हटलं. बाहेरच्या नळावर ते धुऊन टाकलं. त्याला शीची किळस आली. मला माझ्या त्या हातांची किळस अजून येते.

एसटी स्टँडवर लेकीनं पुन्हा शी केली. पुन्हा पांढरी. माझं डोकं फिरलं. तशीच उठले, दवाखान्यात शिरले, चप्पल न काढता आत गेले आणि त्याच्या टेबलाच्या काचेवर फडकं पसरलं.

"देख. तू देखस नई तवलोंग मी आठेन जावाव नई."

माझ्यासारखीनं त्याला कधी तू म्हटलं नसावं. त्यानं पाहिलं. तोंड उतरलं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली.

तिथल्या सर्जननं फडकं स्वतःच्या हातानं खिडकीपाशी नेऊन पाहिलं. पित्ताची नळी बंद होती, म्हणून शीला रंगच नव्हता. ऑपरेशन करून आतडं लिव्हरला जोडलं. काही दिवसांनी शीला पिवळा रंग आला, तेव्हा मी ते फडकं छातीशी धरून रडले. पण लिव्हर आधीच कडक झालं होतं.

"महिनाभर आधी आणायला हवी होती," सर्जन म्हणाले.

लेक दीड वर्षाची झाली आणि वारली.

त्या महिन्यातले पंधरा दिवस माळेचे, म्हणजे माझे. ते मी झटकत नाही. उरलेले त्या रुमालाचे. त्याला जाब कुणी विचारला नाही.

आता गावात बाळ जन्मलं की मी त्या घरी जाते. आधी फडकं दाखव म्हणते. बायका नाकं मुरडतात. मुरडू देत. शी पांढरी दिसली की बाळ, आई आणि फडकं घेऊन दवाखाना गाठते. वाटेत त्या आईला एकच सांगते. हे धुवायचं नाही. डॉक्टरच्या टेबलावर पसरायचं. आणि तो बघेपर्यंत तिथून हलायचं नाही.