तीन पार्सर आणि मामाची वस्ती

आमच्या पवनीच्या ऑफिसातल्या त्या प्रोग्रामची मला अजून किळस येते. प्रोग्राम पायथनचा, काम साधं. धरणाचे दरवाजे उघडणार असले की खालच्या अंगाच्या मासेमारांना मोबाईलवर मेसेज पाठवायचा. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची. गावं कोणती, मजकूर कोणता, कधी पाठवायचा, सगळं त्या ओळीत. ती ओळ वाचून समजून घेणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. आधी एकच पार्सर होता. न समजणारा एक शब्द टाकला की तो जागीच अडायचा आणि कुरकुर करायचा. मला तो आवडायचा.

मग आमच्या सरांना एकाचे तीन करायची हुक्की आली. गावांचा वेगळा, मजकुराचा वेगळा, पाठवण्याचा वेगळा. त्याला माझी ना नव्हती. ती फाईल खरंच फार फुगली होती. पण त्यांनी तिघांनाही एकच शिकवलं, की ओळखीचं तेवढं उचला, बाकीचं पुढे सरकवा. तिसऱ्यानंतर उरेल ते कोणी पाहायचं? कोणीच नाही. लग्नाच्या पंगतीत वरणवाला वरण वाढून जातो, भाजीवाला भाजी, आणि पत्रावळीवर भात नाही हे दिसूनही दोघं पुढे निघतात, तसला हा कारभार.

"सर, शेवटी काही उरलं तर प्रोग्राम थांबवू. दोन ओळींचं काम आहे," मी म्हटलं.

"प्रत्येकानं आपलं आपलं पाहावं. तू कायले डोकं खाऊन राहिली?" असं म्हणून ते चहा प्यायला गेले.

माझा मामा धरणाखालीच राहतो. धरणात शेत गेलं, पुनर्वसनाच्या वस्तीत घर मिळालं, तेव्हापासून तो नदीत जाळं टाकतो. दरवाजे उघडायच्या आधी डोंगा, म्हणजे त्याची लहान होडी, आणि जाळी काठावर ओढून घ्यायची, एवढंच त्याच्या हातात, आणि तेही आमच्या मेसेजच्या भरवशावर. यंदा या वस्त्या गावांच्या यादीतून काढून वेगळ्या केल्या. त्यांच्यासाठी ओळीत एक नवा शब्द ठरला, सरांनीच ठरवला, आणि तिन्हींपैकी एकाही पार्सरला शिकवला नाही.

दरवाजे उघडायच्या दिवशी मी लाखांदूरला गेले होते. ओळ सरांनी टाइप केली. पहिल्या पार्सरनं वस्त्यांचा तो शब्द पुढे सरकवला, दुसऱ्यानं सरकवला, तिसऱ्यानं सोडून दिला. स्क्रीनवर आलं, सगळे मेसेज गेले. मामाची जाळी वाहून गेली, डोंगाही गेला.

मी सगळं तपासून सरांपुढे ठेवलं. ते म्हणाले, "कोणत्याच पार्सरमध्ये एरर नाही. तिन्ही बरोबर चालले." बोलताना त्यांच्या तोंडावर समाधान होतं. वर म्हणे, "लोकांना नेटवर्कचं सांगून देऊ." शी. माणसाला लाज कशी वाटत नाही?

दोन-तीन दिवसांनी मामा स्वतः ऑफिसात आला. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. सरांपुढे उभा राहून म्हणाला, "साहेब, मायीच चूक झाली. हातातच होता, पन वाजला नाही. काही बिघाड असन. घरचे लय बोलून राहिले मले."

सरांनी मोबाईल उलटासुलटा करून पाहिला. "हो, जुना झाला हा. नवीन घ्या."

डोंगा वाहून गेलेल्या माणसाला हे नवीन घ्यायला सांगतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मामा, मोबाईल चांगला हाय," मी म्हटलं. "मेसेज आमीच पाठवला नाही."

सर माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते. मामानं मात्र त्यांच्या हातातून मोबाईल घेतला आणि परत पिशवीत गुंडाळला. त्यानं चांगल्या दोन शिव्या घालाव्या असं मला फार वाटत होतं.

"पान्याचा आवाज आला होता मले, पोरी," तो म्हणाला. "मेसेज आला नाही म्हनून उठलो नाही."