माझ्या दारातला डबा

सकाळी तोंडात कडुलिंबाची काडी असतानाच बाहेरून हाक यायची, "गुरुजी, दोन बोटं बसलंय. जॅक घेऊन या!" गुरुजी म्हणजे मी. हाक मारणारा माझा सख्खा थोरला भाऊ, मारोतीदादा. आणि बसलेलं असायचं ते त्याचं घर, म्हणजे माझ्या दारात उभा असलेला, मधोमध दोन चाकांवर तोललेला, मोटारीमागे ओढायचा पांढऱ्या पत्र्याचा डबा. दादा उंबऱ्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून वाकून बघत असायचा. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येत नाही तोवर त्याला चहा जात नसे आणि तो मलाही घेऊ देत नसे. मी जॅक लावायचा, चाकाखाली वीट सरकवायची, आणि त्याने म्हणायचं, "आजून जरासं. हां, आता जास्त झालं." या पायी मी आठ वर्षं शाळेत घंटा झाल्यावर पोचत होतो.

दादा सोळा वर्षं विलायतेत होता. तिथे लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहून त्याने पैसे पाठवले आणि त्या पैशांतून मी आमच्या वस्तीत घर बांधलं. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. म्हणून मी मुरूम लागेपर्यंत पाया खोदून घेतला होता. दादासाठी वेगळी खोली काढली, तिला पूर्वेकडे मोठी खिडकी ठेवली. तो येणार म्हणून बायकोने, शांताने, नवी गादी भरून घेतली. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी दादा आला तो विलायतेहून बोटीने आणलेला हा डबा मुंबईपासून ट्रकच्या मागे बांधून. पिंगळीच्या पुढे ट्रक रुतला, तेव्हा शेवटचा कोसभर दोन बैलजोड्यांनी तो ओढला. दादा पुढे चालत होता आणि बैलांना इंग्रजीत काहीतरी सांगत होता.

मला वाटलं, हौसेने आणलाय, चार दिवस मिरवेल. शांता पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमची खोली बघा." दादाने दारातूनच खोली बघितली. "लय झ्याक हाय," म्हणाला आणि माघारी फिरून डब्यात झोपायला गेला. पुढे कधीही विचारलं तरी एकच उत्तर: "बघू की. घाई काय हाय?" घाई नव्हतीच. त्या खोलीत पहिल्या वर्षी ज्वारीची पोती गेली, दुसऱ्या वर्षी सरकी.

बरं, डबा उभा करायचा तर शाळेमागे मुरमाड जागा होती. तिथे तो वर्षानुवर्षं हलला नसता. मी तसं शंभरदा सांगितलं. दादा म्हणायचा, "मुरमावर कोण हाय मपलं? म्या भावाच्या दारात राहायला आलोय." म्हणजे घरात यायचं नाही आणि दारातून हलायचं नाही! बैलगाडी वळवायला जागा उरली नाही. शांताला वाळवण घालायला ऊन उरलं नाही. आणि खाली काळी जमीन ती, आज इकडून बसायची, उद्या तिकडून. मी चिडलो की दादा पाणसळ पुसत शांतपणे म्हणायचा, "बुडबुडा मधी पायजे, गुरुजी. मंग दुनिया कशीबी असू दे."

डब्यात एक फळीचा पलंग, एक स्टोव्ह, मागच्या बाजूला बसायचं बाकडं आणि खिडकीला फुलाफुलांचा पडदा होता. दाराला कडी होती, पण ती मी कधी लागलेली पाहिली नाही. वस्तीतली पोरं, कोंबड्या, शेजारची म्हातारी, जो तो सरळ आत घुसायचा. दादा कुणाला अडवत नसे. उलट म्हणायचा, "या, या. उघडंच हाय."

लोकांचं तोंड मात्र मला धरता येईना. परभणीच्या बाजारात ओळखीचा माणूस भेटला की आधी विचारायचा, "गुरुजी, थोरल्या भावाला बाहेर गाडीत ठेवलं म्हणं?" ज्याच्या पैशाने घर उभं राहिलं त्यालाच मी हाकललं, असं पालमपर्यंत झालं होतं. मी सांगत बसायचो आणि ऐकणारा मान हलवून गालात हसायचा. एवढा संताप यायचा की वाटे, एक दिवस बैल जुंपून डबा नदीकाठी सोडून यावा.

अशात आमच्या मुलीला, सुजाताला, सेलूचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, वडील कचेरीत कारकून, आपल्याच बौद्ध समाजातले. सुजाताला मुलगा मनापासून पसंत होता. तिच्या आईला तिने तसं सांगितलंही होतं. आता पाहुणे घर बघायला येणार होते. आमच्याकडे पाहुण्यांनी पहिलं पाणी थोरल्याच्या घरी घ्यायचं असतं. मी दादाला हात जोडून म्हणालो, "एक दिवस आपल्या घरात बस." दादा म्हणाला, "थोरला म्या हाय ना? मंग पाव्हणे मपल्या घरी बसतील."

त्या सकाळी आम्ही डबा सपाटीत आणत होतो. डबा मागे कलू नये म्हणून लावलेले मागचे दोन टेकू काढले होते, त्यांच्याखाली नव्या विटा घालायच्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "पाव्हणे आले!" मी हात झटकून धावलो आणि टेकू तसेच बाजूला पडून राहिले. ही चूक माझी, ती मी कबूल करतो. सहा पाहुणे डब्यात शिरले. पुढे दादाचा पलंग मोकळा होता, पण थोरल्या माणसाच्या अंथरुणावर पाहुणे बसतात का? सहाच्या सहा जण मागच्या बाकड्यावर दाटीवाटीने बसले. शांताने दारातून चहाचं ताट आत दिलं. दादाने पहिला कप मुलाच्या वडिलांच्या हातात ठेवला आणि डब्याचं पुढचं टोक हळूच वर उठलं.

पाहुणे एकमेकांवर कलंडले. स्टोव्ह घरंगळला, चहाचं ताट मुलाच्या वडिलांच्या पांढऱ्या धोतरावर गेलं. डबा खाली यावा म्हणून मी बाहेर त्याच्या पुढच्या, मोटारीला जोडायच्या दांड्याला लोंबकळत होतो. सगळ्यांना एकेक करून उतरवलं आणि मग चार वर्षांचं साठलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. चारचौघांत, थोरल्या भावावर, मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. "स्वतःचं घर असून तू माझ्या दारात असा राहतोस! लोक माझ्या तोंडात शेण घालतात. आता पोरीचं लग्न मोड, म्हणजे झालं!" दारामागे सुजाता रडत होती. दादा हातातला रिकामा कप धरून उभा होता.

मुलाचे वडील धोतर पिळत म्हणाले, "मारोतराव, मला बी तेच इचारायचं व्हतं. घर हाय, भाऊ हाय. मंग तुमी बाहेर कामून?"

दादाने कप उंबऱ्यावर ठेवला. मग म्हणाला, "तिकडं दारावर पाटी असायची, खोली भाड्यानं द्यायची हाय म्हणून. म्या दार वाजवायचो. बाई दार उघडायची, मपलं तोंड बघायची आन् म्हणायची, आत्ताच गेली. दुसऱ्या दिशी बी पाटी तिथंच. मिळाली तर एका खोलीत आठ जण. कधी बी सांगायचे, उद्या निघा. लय वर्षांनी हे घेतलं. ह्याच्यातून मला कोनी निघ म्हणू शकत न्हाई. तेवढ्यासाठी हाय हे."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. सोळा वर्षांच्या पत्रांत त्याने फक्त थंडीबद्दल लिहिलं होतं.

मुलाचे वडील म्हणाले, "सेलूत नवा नवा लागलो तवा मला बी आडनाव सांगितलं की खोली भरलेली असायची. त्याला विलायत कशाला पायजे?" मग त्यांनी धोतर झटकलं, पुन्हा डब्यात चढले आणि पलंगाच्या कडेला टेकत म्हणाले, "गुरुजी, टेकू लावा आधी. चहा राहिलाय." सुपारी त्याच दिवशी फुटली.

लग्नाचे चार दिवस दादा सुजाताच्या हट्टापायी घरात राहिला. मी मनात म्हणालो, चला, जिंकलो एकदाचा. पण दादा अंगणातून आला की दाराशी थांबायचा आणि बोटाने टकटक करायचा. दार सताड उघडं, आत वऱ्हाडी, पोरं, भांड्यांचा दणदणाट, आणि हा आपला टकटक करून उभा. शांता म्हणाली, "भाऊजी, तुमचंच घर हाय. वाजवता कशाला?" तो ओशाळून हसला आणि पुढच्या खेपेला पुन्हा वाजवलं. ती टकटक मला ऐकवेना. सुजाता सासरी गेली त्या संध्याकाळी मीच त्याची वळकटी उचलून डब्यात नेऊन टाकली. त्यानंतर त्याला घरात ये म्हणालो नाही.

जॅक मात्र सुटला नाही. "गुरुजी, बसलंय!" पुढची चार वर्षं रोज, आणि रोज मी कुरकुरत गेलो. मग एका आषाढात, पावसाने काळी फुगलेली असताना, सकाळी हाक आली नाही. शांता चहा घेऊन गेली ती तशीच परत आली.

सुजाता सेलूहून आली, माणसं जमली, पाऊस थांबेना. भावकीतले म्हणाले, "घरातून काढू, मोठं दार हाय. डब्यातून बरं दिसत न्हाई." मी म्हणालो, नाही, त्याच्याच घरातून निघेल. त्रिशरण म्हणून झालं. चौघे उचलायला वाकले, तेवढ्यात माझं लक्ष उंबऱ्याकडे गेलं. मी म्हणालो, "थांबा." खिळ्यावरची पाणसळ काढून उंबऱ्यावर ठेवली. चांगलं दोन बोटं बसलं होतं. मी जॅक आणला आणि चिखलात गुडघे टेकले. लोक खोळंबले, कुणीतरी म्हणालं, "गुरुजींचं डोकं फिरलं." सुजाताने मुकाट्याने वीट आणून दिली. जरासं वर घेतलं, तर जास्त झालं. पुन्हा खाली घेतलं. बुडबुडा हलत हलत मधोमध येऊन थांबला, तेव्हा मी म्हणालो, "आता उचला."