सुईताईंची घडीची सायकल

सुईताईंचं खरं नाव प्रयोगशाळेच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. सकाळी सहाला घराबाहेर पडायचं, उपाशीपोटी ताटकळलेल्या माणसांच्या घरी जायचं, दंडाला पट्टा बांधून "मूठ आवळा, इकडे नका बघू, खिडकीकडे बघा" म्हणत रक्त काढायचं, आणि नळ्या बर्फाच्या डब्यात घालून साडेदहाच्या आत प्रयोगशाळेत पोचवायच्या, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. हात इतका हलका, की टोचून झाल्यावर माणसं विचारायची, "कधी टोचणार?" पाय मात्र आता कुरकुरायला लागले होते. बस थांब्यापर्यंतच सोडते. पुढची पायपीट ज्याची त्याने करायची.

सायकल घरात आली ती लेकीमुळे. तिच्या ऑफिसच्या सोडतीत तिचा डोळा होता मिक्सरवर आणि लागली घडीची सायकल. "आई, तूच ठेव बाई," ती म्हणाली. "मी बसते घरी, माझं ऑफिस घरी. मी ही काय ओट्याभोवती फिरवू?"

सुईताईंचे यजमान पुढच्या खोलीत पुस्तकबांधणीचं काम करायचे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, सायकलभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "चाकं बघ, ताटाएवढी. ही सायकल नाही, सायकलचं पिल्लू आहे."

झालं, नाव पडलं.

पिल्लाची घडी घालणं सोपं नव्हतं. मधला खटका, हँडलचा खटका, मग सीट खाली. पहिल्या खेपेला सुईताईंच्या बाहीचं टोकच सांध्यात अडकलं आणि त्या सायकलला जुंपल्यासारख्या वाकून उभ्या राहिल्या. यजमानांनी शांतपणे बाही सोडवली. "घडी घालताना ओढायचं नसतं, दाबायचं असतं," ते म्हणाले. "कागद असो नाहीतर लोखंड."

शाळा सुटल्यापासून सुईताईंचा पाय पॅडलला लागला नव्हता. पहिल्या सकाळी हँडल असं थरथरलं, की समोरून येणाऱ्या दूधवाल्याने आपली गाडी आधीच भिंतीला टेकवून वाट मोकळी करून दिली. चौथ्या दिवशी तो नुसता बाजूला झाला. आठव्या दिवशी त्याने घंटी वाजवली, यांनीही वाजवली.

मग एकेक गोष्ट कळत गेली. बसमध्ये पिल्लू सीटखाली मावतं. रुग्णाच्या घरी ते चपलांशेजारी निमूट बसतं. एका उंच इमारतीच्या रखवालदाराने मात्र त्यांना अडवलं.

"सायकल लिफ्टमध्ये न्यायची नाही. पाटी वाचा."

सुईताईंनी पाटी वाचली. मग खटके सोडून पिल्लाची घडी घातली आणि वर कापडी पिशवी चढवली. "पिशवी चालते ना?"

रखवालदारानेही पाटी पुन्हा वाचली. पिशवीबद्दल तिच्यात अवाक्षर नव्हतं. "पिशवी चालते," तो नाइलाजाने म्हणाला. मग हळूच विचारलं, "जाताना उघडून दाखवाल?"

खरी गंमत झाली ती पुढच्या महिन्यात. पुलावर मालट्रक आडवा पडला आणि नदीअलीकडे गाड्यांची रांग लागली. बस जागची हलेना. डब्यात सात नळ्या, घड्याळात दहाला दहा कमी. सुईताई उतरल्या आणि पिल्लू उघडून नदीकाठाने निघाल्या. थोडं पुढे पायी जाणाऱ्यांसाठी एक अरुंद लोखंडी पूल होता. दोन्ही बाजूंना जिने, त्यामुळे सायकलवाले तिकडे फिरकत नसत. सुईताईंनी घडी घातली, पिल्लू एका हातात, डबा खांद्याला, आणि धापा टाकत वर चढल्या.

पुलाच्या मध्यावर त्या दम खायला थांबल्या. समोर पलीकडच्या काठावर एक निळी पाण्याची टाकी दिसली. ओळखीची वाटली. हो की, ही तर अक्काच्या गल्लीतली टाकी.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून एकटी. तिच्याकडे जायचं म्हणजे दोन बस आणि दीड तासाचा वळसा, म्हणून जाणं व्हायचं वर्षातून दोनदा, कुणाच्या लग्नाला नाहीतर आजारपणाला. आणि ती इतकी वर्षं इथे, हाकेच्या अंतरावर बसलेली.

आधी नळ्या पोचवल्या, दहा वीसला. नोंद करणाऱ्याने आश्चर्याने पाहिलं. बाकीचे सगळे पुलावर अडकले होते. बाराला काम आटोपलं तशा सुईताई घरी न जाता टाकीच्या रोखाने निघाल्या. सतरा मिनिटं लागली.

अक्काने दार उघडलं. दुपारची वेळ, कामाचा दिवस, दारात घामाघूम धाकटी बहीण. अक्काचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गं. मी आले."

"कशाला?"

"सहज."

अक्काला हा शब्द पचायला वेळ लागला. तिने आधी बहिणीला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, मग सायकलकडे बघून म्हणाली, "आणि हे कुठलं खेळणं?" भात आणि आमटी दोघींना पुरली. एवढ्या तेवढ्यावरून बोलणं आईच्या शिवणयंत्रापर्यंत गेलं. ते अक्काला का आणि कुणी दिलं, यावर दोघींचं चांगलंच वाजलं. तीस वर्षं पोटात ठेवलेलं दोघींनी मांडलं. चारच्या सुमाराला दोघींना बरं वाटलं.

निघताना अक्का म्हणाली, "बुधवारी येशील?"

आता सुईताई बुधवारी जातात आणि शनिवारीही. एकदा यजमानांनी विचारलं, "इतकं काय बोलता गं तुम्ही?"

"भांडतो," सुईताई हवेचा पंप शोधत म्हणाल्या. "आधी वर्षातून दोनदाच भेटायचो, तेवढ्यात कुठलं नीट भांडण होतंय? आता निवांत जमतं."