मावशीच्या माहेरचे पाय

माझ्या मावशीच्या पायातून चप्पल निसटली तर तिला कळत नाही. ती तशीच पुढे चालत राहते आणि मागून कुणीतरी ओरडतं, "अहो मावशी, चप्पल राहिली!" मग ती वळून चपलेकडे बघते आणि म्हणते, "बसू दे तिला जरा. दमली असेल." गल्लीत या विनोदावर आता कुणी हसत नाही.

चपला हाच तिचा धंदा आहे. कारखान्यातून तळ आणि पट्टे सुटे येतात, ते चिकटवून जोड परत पाठवायचे. लग्नाआधी ती हे काम आपल्या आईशेजारी बसून करायची, लग्नानंतर आपल्या घरात करू लागली. म्हणून ती चिकटमावशी. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत चिकटवायच्या सोल्यूशनचे डबे, तळांचे ढीग आणि खाली बसायला जाड पुठ्ठा. खिडकी बंद. ओल्या सोल्यूशनवर रस्त्यावरची धूळ बसली की तळ महिन्याभरात जबडा उघडतो आणि जोड परत येतो. त्या खोलीत नवा माणूस आला की त्याचं डोकं धरतं. मावशी म्हणते, "आमच्याकडे पाहुणा रेंगाळत नाही, एवढं एक सुख आहे."

पायांचं खापर ती आपल्या आईवर फोडायची. आजीचंही असंच झालं होतं. उतारवयात ती पाऊल उचलून आपटत चालायची, जिन्यावरून तिचा फटक-फटक आवाज यायचा. "आमच्या माहेरचे पायच असे," मावशी सांगायची. "रक्तातच आहे." माझी आई तिची धाकटी बहीण. ती लहानपणीच शिवणकामाला गेली आणि तिचे पाय आजही धडधाकट आहेत. यावरही मावशीकडे उत्तर होतं. "ती बापावर गेलीय."

म्हणून मुलासाठी मुलगी पसंत करताना मावशीने रंग, शिक्षण काही बघितलं नाही. मुलीला मुद्दाम बोलत बोलत जिन्यावरून वरखाली नेलं आणि घरी येऊन म्हणाली, "हरणासारखी चढते. आता नातवंडांची काळजी नाही." सुनेचे वडील टपाल वाटायचे, निवृत्त होईपर्यंत रोज पायी. मावशीला तेवढा पुरावा पुरला.

सून आली तेव्हा मावशीच्या बोटांतलीही जाणीव जवळजवळ गेली होती. या कामात बोटांवाचून चालत नाही. सोल्यूशन लावलं की लगेच चिकटवायचं नसतं, थोडं सुकू द्यायचं. बोटाच्या पाठीने हलकेच टेकून बघायचं. ओढ लागते पण बोटाला काही येत नाही, ती वेळ बरोबर. मावशीला ती ओढ कळेना. मग सूनच बोट टेकायची आणि म्हणायची, "हं, आई, झालं." दिवसभर दोघींचं तेवढंच बोलणं. मावसभाऊ मालाची गाडी घेऊन बाहेरगावी असायचा.

सून येऊन काही वर्षं झाल्यावर एका दुपारी मी गेलो होतो. सून तयार जोडांचं पोतं खाली पोचवून वर येत होती. मावशी दारात उभी होती, मी तिच्यामागे. सुनेच्या उजव्या पायातली चप्पल मधल्या पायरीवर राहिली. ती वर आली, आमच्या अंगावरून आत गेली, पाणी प्याली. एक पाय अनवाणी.

मावशी पायरीवरच्या चपलेकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने विचारलं, "तुझ्या माहेरी कुणाचे पाय असे होते?"

"कसे?"

"लपवू नकोस. आता काही कुणी परत पाठवत नाही तुला."

"आई, माझ्या बाबांना अजून बसमध्ये बसवत नाही. चालतच जातात. काय लपवू?" सुनेने खाली बघितलं. स्वतःचा अनवाणी पाय तिला तेव्हा दिसला.

मी रसायनशास्त्राची पदविका घेतली आहे आणि रंगाच्या कारखान्यात नमुने तपासतो. तिथे पातळ करायचं द्रावक हाताळताना आम्ही हातमोजे घालतो, वर पंखे असतात. मावशीच्या खोलीत मी लहानपणापासून येतोय. तो वास मला मावशीचाच वास वाटायचा. त्या दिवशी डबा उचलून मी पहिल्यांदा त्यावरचं बारीक अक्षर वाचलं. त्यातलं एक द्रावक असं आहे, की बंद खोलीत वर्षानुवर्षं श्वासातून गेलं तर नसा मरत जातात. आधी पायांच्या, मग हातांच्या. मी ते सांगितलं. सुनेचं आणि मावशीचं रक्त एक नाही, हे काही मला सांगावं लागलं नाही.

"म्हणजे आईचं काही नव्हतं," मावशी म्हणाली.

"नव्हतं."

"तिला मी फार बोलले." एवढं म्हणून तिने अर्धवट राहिलेला जोड उचलला आणि दाबत बसली.

डॉक्टरांनी दोघींना तपासलं. धातूचा काटा वाजवून घोट्याला टेकवला. "थरथर कळते?" सून म्हणाली, कळते बहुतेक. मावशी म्हणाली, "वाजवा तर आधी." तो वाजतच होता. सुनेने काम सोडलं तर बरंचसं परत येईल, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मावशीबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

कारखान्यातून माल आणून देणाऱ्या मुकादमाकडे मी दुसरं सोल्यूशन मिळेल का विचारलं. तो म्हणाला, "पलीकडच्या गल्लीत हेच काम घ्यायला कुणी नाकं मुरडत नाही." मावशीने काम सोडावं म्हणून मी आणि मावसभाऊ दोघांनी डोकेफोड केली. "आणि करू काय? खिडकीत बसून रस्ता मोजू? जायचं ते गेलंय माझं. हिचं राहिलंय," ती म्हणाली. तिने सुनेची उशी, भांडी, कपडे उचलून शेजारणीच्या रिकाम्या खोलीत नेऊन टाकले. सुनेला बाहेरच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी.

"अहो, पण बोट कोण टेकणार?" सुनेने विचारलं.

मावशीने त्याचंही बघितलं होतं. ओठाला अजून कळत होतं. ती तळ उचलायची, वरच्या ओठाला अलगद टेकवायची, थांबायची, पुन्हा टेकवायची. मी नको म्हणालो. खिडकी तरी उघड म्हणालो, तेवढी तिने वीतभर उघडली. धुळीने काही जोड परत आले. ते तिने पुन्हा चिकटवले.

सून शेजारच्या खोलीत शिवणकाम शिकू लागली. माझी आई जाऊन शिकवायची. बरेच महिने काही फरक नव्हता. ती बसल्या बसल्या पायाला चिमटे काढायची, आणि कुणी बघितलं की हात मागे घ्यायची.

गेल्या आठवड्यात मी मावशीकडे बसलो होतो. ती काम करत होती. भिंतीपलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला आणि सून किंचाळली. मावशीने तळ खाली ठेवला.

"काय गं, काय झालं?"

"चहा सांडला, आई! पायावर!"

"भाजलं का?"

"भाजलं हो! आई गं, केवढी आग होतेय!"



"बरं झालं," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "जा, तिला थंड पाणी दे."