मागाचा खड्डा

मंडळी, आजचीच गोष्ट. वाचनालयाच्या फळ्यावर मुद्दाम लावतो आहे.

आमची लुगडी विणून देणारा नरसय्या सकाळी बायकोसह दारात आला. हातगाडीवर सुटा केलेला माग. व्यापाऱ्याने सूत बंद केलं, भाडं थकलं, मालकाने काल घराबाहेर काढलं. दुसरा व्यापारी सूत देईल, पण माग उभा दिसला तरच.

मी म्हणालो, "मागची खोली रिकामी आहे. राहा."

"लई उपकार, मास्तर! आजच खड्डा खणतो."

विणकर खड्ड्यात पाय सोडून माग चालवतो, हे मला ठाऊक होतं. तरी दचकलो. "अरे, नवी शहाबादी फरशी आहे! नुसता राहा की."

त्याची बायको तेलुगूत काही बोलून हसली.

"काय म्हणते?"

"म्हणती, मास्तरच्या फरशीवर झोपू आन् सपनात विणू."

ते निघाले. मी थांबवलं नाही.

संध्याकाळी जळणाच्या वखारीत तोच माग तराजूवर चढलेला पाहिला.

आता खड्डा नको, म्हणजे नरसय्याला खोली कुणीही देईल; मीसुद्धा. पण तिचं भाडं तो कशातून भरेल, सांगाल का कुणी?