थाळ्यांचा खेळ

आमच्या कोयनानगरच्या कॉलनीत बालवाडीच्या एक बाई होत्या. पोरं पेंगली की त्या भांड्यांची मांडणी गदागदा हलवायच्या. थाळ्या खणखणल्या की पोरं खिदळत मैदानात पळायची. पळवायचंच तर टाळ्या वाजवाव्यात, भांडी कशाला, मला काही कळेना. विचारलं तर म्हणाल्या, "पोरांस्नी लय आवडतंय," आणि पडलेली थाळी पदरानं पुसू लागल्या.

एकदा लेकीला सोडायला गेलो. आत तिची पिशवी खुंटीला अडकवत होतो, बाई दारात होत्या, तेवढ्यात थाळ्या खणखणल्या. पोरं पळाली. मांडणीला तर कुणी हातही लावला नव्हता. मी मांडणीकडे बघतच राहिलो. पायाखालची फरशीही थरथरत होती.

"आवं, भाईर या की!" बाई ओरडल्या.

मैदानात लेक टाळ्या पिटत होती, "बाबा हरले!"

बाई हसल्या नाहीत.