मांडीवरचा पखवाज

फिजिओथेरपीच्या बाकावर माझ्या शेजारी नाना बसले होते, आमच्या भजनी मंडळाचे पखवाजवादक. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडून असतो. त्यांचे मिटलेले डोळे पाहून त्यांची सूनबाई म्हणाली, "नाना, झोपलात? व्यायाम करायचाय ना?"

"थांब गं, अजून कणीक लावतोय."

डाव्या तोंडाला ओली कणीक लावल्याशिवाय पखवाज घुमत नाही. मनातल्या पखवाजालाही नानांनी त्यातून सूट दिली नव्हती!

इथल्या डॉक्टरीणबाई सांगतात, हात हलवल्याची नुसती कल्पना केली, तरी मेंदूतले हात हलवणारे भाग बऱ्याच अंशी जागे होतात. मग 'हात गेला, हात गेला' म्हणून आपण सुतक कसलं पाळतोय? आपल्याला दिसत नाही म्हणजे ते नाहीच, हे ठरवणारे आपण कोण? ही बोटं पुन्हा उठतील का, मला ठाऊक नाही. पण आत रियाज चालू आहे, आणि तो बंद करायचा हक्क कुणालाही नाही.

सूनबाई चाचरत म्हणाली, "नाना, मंडळानं दुसरा पखवाजवाला बघितलाय."

नानांनी डोळे उघडले नाहीत.

"मधे बोलू नकोस. सम चुकेल."